गिरणा दोनची वाटणी

हिलालचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. उघडच सांगतो. लोक मला समजावतात, "जीवराम, तू वयाने मोठा, तू सोडून दे." वयाने मोठ्या माणसाला पोट नसतं असं कुठे लिहिलंय?

गिरणा मी उभी केली. नदी नव्हे, नदीला कुणी उभं करावं लागत नाही. गिरणा म्हणजे आमची ऑपरेटिंग सिस्टिम. संगणकाचं बटण दाबलं की सगळ्यात आधी जी जागी होते, पडद्यावर खिडक्या मांडते, फाइली सांभाळते आणि प्रिंटरला हुकूम सोडते, ती. बाजारातली घ्यायची तर पैसे मोजा आणि आत काय आहे ते विचारू नका, असा कारभार. लिनक्सचं तसं नाही. आतलं सगळं उघडं. कुणीही घ्या, बदला, चार जणांना वाटा; परवान्यात अट एवढीच की मूळ कर्त्याचं नाव ठेवा आणि पुढच्यालाही ती तशीच उघडी द्या. त्या लिनक्सवर आम्ही मराठी चढवली आणि अठ्ठ्याण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगावातून पहिली सीडी काढली. संगणक चालू झाला की पहिल्या पडद्यावर ओळ यायची: कारभारी, जीवराम चुडामण, जळगाव. ती ओळ बघायला मी कारण नसताना संगणक बंद करून पुन्हा चालू करायचो.

आम्ही म्हणजे तिघं. नवी पेठेत माझा संगणकाचा क्लास होता, तोच आमचा पत्ता. अभिमन नाना कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि आमच्या डोक्यावर थंड पाणी ओतायचे. कमलताई एरंडोलच्या शाळेत शिक्षिका. गिरणेतला प्रत्येक मेनू त्यांनी मराठीत आणला. तिघांचं छान चाललं होतं. मग धुळ्याहून हिलाल आला.

खरं म्हणजे आधी त्याची फ्लॉपी आली. हा गडी धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. इंजिनिअर, तोही पहिल्या वर्गात पास झालेला; मी साधा बी.एस्सी. त्याने कुठूनतरी आमची सीडी मिळवली, उघडून पाहिली, आतल्या चुका काढून दुरुस्त केल्या आणि दुरुस्त्या टपालाने पाठवून दिल्या. ना ओळख ना पाळख. आपण बाहेर गेलेलो असताना कुणी घरात शिरून भांडी घासून ठेवावीत, तसं मला झालं. नाना मात्र खूश झाले. म्हणाले, "उघडी सिस्टिम काढतोस आणि कुणी आत आलं की दचकतोस?"

आमच्या मंडळाचे दोन नियम होते. दोन्ही मीच केलेले. पहिला नियम कारभाऱ्याचा. आमच्याकडे शेतावरचा सालदार आखाजीला ठरतो आणि पुढच्या आखाजीपर्यंत राहतो. तसाच आमचा कारभारी आखाजी ते आखाजी. मी हे गमतीने ठरवलं होतं, कारण दर आखाजीला मीच असणार याबद्दल मला शंका नव्हती. दुसरा नियम यादीचा. पुढच्या आवृत्तीत काय काय घालायचं ते हिवाळ्यात, भरताच्या पार्टीला ठरवायचं. वांगी भाजेपर्यंत ज्याने जे सुचवायचं ते सुचवावं. वांगी बडगीत, म्हणजे कांडायच्या लाकडी भांड्यात, पडून वर मुसळाचा पहिला घाव बसला की यादी बंद. मग कुणाचा बाप आला तरी नवी गोष्ट आत जाणार नाही. हा नियम नसता तर आम्ही अजून पहिल्याच आवृत्तीत काहीबाही घालत बसलो असतो.

आणि तक्रारी यायच्या पोस्टकार्डावर. गिरणा वापरणारे लोक कार्ड टाकायचे, मी ती कपाशीच्या बियाण्याच्या एका रिकाम्या कापडी पिशवीत टाकायचो. त्यात एक कार्ड आबांचं होतं. आबा म्हणजे चुडामण आबा, माझे वडील. आमच्या गावच्या केळी सोसायटीत ते काट्यावर बसतात. घडांचं वजन झालं की शेतकऱ्याला पावती द्यायची. ती पावती छापायला मीच त्यांना जुना संगणक, खडखड वाजणारा प्रिंटर आणि गिरणा बसवून दिली होती. मुलाकडे तोंडाने तक्रार करायची सोडून बापाने पंचवीस पैशांचं कार्ड टाकलं! मी ते वाचून हसलो आणि पिशवीत टाकलं. घरचा माणूस म्हणून रांग मोडायची नाही, असं माझं तत्त्व होतं.

त्या डिसेंबरात भरीत आबांच्याच मळ्यात होतं. आमचं गाव मुक्ताईनगरच्या अलीकडे. आबा अजून त्याला एदलाबादच म्हणतात. केळीच्या बागेला लागून मोकळी जागा, तिथे पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचा ढीग. नानांनी जाळ पेटवला आणि हिरवी, हातभर वांगी त्यावर मांडली. माय, म्हणजे माझी आई धुरपदाबाई, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी थापत होती. कमलताई लसूण सोलत होत्या. हिलाल सकाळच्या गाडीने आला होता आणि आल्याआल्या मायच्या पाया पडला होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी माझी यादी काढली. गिरणा दोन कशी दिसावी हे मी कित्येक रात्री मनात घोळवलं होतं. बटण दाबताच नदीचं चित्र, त्यावर हळूहळू वर येणारा सूर्य, खाली ठसठशीत नाव. मग एक मराठी शब्दकोश. शिवाय पत्त्यांचा खेळ, त्यातला राजा फेट्यात आणि राणी नऊवारीत.

"पुण्याचे लोक तोंडात बोटं घालतील," मी म्हणालो.

नाना वांगं फिरवत म्हणाले, "सगळ्यांची बोटं तोंडात गेली तर टाइप कोण करणार?"

कमलताई फिसकन हसल्या. मी दुर्लक्ष केलं. हिलाल मात्र गंभीरच होता. तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, यादी झकास शे. पन कार्डं कोठे शेतस?"

पिशवी मी आणली होती, नियमच होता. त्याने ती गोणपाटावर उपडी केली आणि एकेक कार्ड वाचून ढीग लावायला लागला. आम्ही बोलत होतो तेव्हा तो वाचत होता. असा माणूस मला आवडत नाही. शेवटी एक ढीग बाकीच्या सगळ्या ढिगांपेक्षा उंच झाला. तो पुढे सरकवून हिलाल म्हणाला, "बठ्ठा लोके छापानंच रडी राह्यनात. चित्र चांगलंच शे, भाऊ, पन लोकेसना कागद फुकट जाई राह्यना."

"छपाई ही प्रिंटर बनवणाऱ्यांची कटकट आहे," मी म्हणालो. "आपण आपली सिस्टिम देखणी करावी."

जाळाच्या पलीकडून आबा म्हणाले, "मंग माह्यं कार्ड त्यात हाये का नही?"

सगळे हसले. हिलालने शोधून काढलंच. मोठ्याने वाचलं: "चार ओळीची पावती छापली की तुमचं यंत्र अख्खा कागद बाहेर ओकते. बाकीचा कोरा. कागद काय केळीले लागतात का? चुडामण." यावर सगळे आणखी हसले. हिलाल हसला नाही. तो उठून आबांच्या शेजारी उकिडवा बसला आणि विचारायला लागला. प्रिंटर कोणता, कागद घडीचा की सुटा, पावतीत काय काय येतं, पावती केवढी हवी. आबांनी उजव्या हाताची बोटं जुळवून दाखवली. "चार बोटं. बास."

"चार बोटं," हिलाल म्हणाला आणि त्याने आपलीही बोटं आबांच्या बोटांशेजारी धरून पाहिली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबांनी मला आयुष्यात कधी असं शेजारी बसवून काही सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, हेही खरं. पण ती गोष्ट वेगळी. बाप माझा, मळा माझा, सिस्टिम माझी, आणि मधोमध बसून बोटं मोजतोय धुळ्याचा हिलाल.

वांगी काळी झाली, मऊ पडली. नानांनी सालं काढली, ती बडगीत टाकली आणि मुसळ उचललं. "बोला, कुणाचं काही राहिलंय?" यादीत सगळ्यात वर छपाई बसली. त्याखाली जुन्या, कमी ताकदीच्या संगणकांवर गिरणा बसवणं सोपं करायचं कलम. शब्दकोश तिसरा. माझ्या सूर्योदयापुढे कमलताईंनी लिहिलं, "जमल्यास."

"थांबा," मी म्हणालो, "चित्राचं मला अजून—"

मुसळ पडलं. भरीत उडून नानांच्या सदऱ्यावर बसलं. "यादी बंद," नाना म्हणाले. "नियम तुझाच."

मग कमलताईंनी अगदी साधेपणाने, भाकरीवर भरीत घेता घेता म्हटलं, "या यादीत बहुतेक हिलालचंच काम आहे. येत्या आखाजीपासून कारभारही त्याच्याकडेच द्यावा, नाही का?" नानांनी मान डोलावली. हिलाल गडबडला. "नई, नई, ताई. भाऊच ऱ्हाऊ द्या. माले काय करनं कारभारीपन?"

या नम्रपणानेच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हवं असूनही नको म्हणणारा माणूस एक वेळ परवडला. याला खरोखरच नको होतं. ज्या ओळीसाठी मी संगणक पुन्हा पुन्हा चालू करायचो, ती याला फुकट मिळत होती आणि हा ती घ्यायला लाजत होता.

आबा म्हणाले, "सालदार बदलला म्हनून शेत परकं होत नही, जीवराम. जेव."

माय हिलालच्या ताटात तिसऱ्यांदा भरीत वाढत होती. "पोरगं लांबून आलंय," ती मला म्हणाली. मी तरी जवळ कुठे होतो? जळगावहून आलो होतो ना! पण माझं ताट कुणी पाहिलं नाही.

पुढचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. हिलालचा फोन यायचा, "भाऊ, हाई अशी दुरुस्ती करू का?" आणि मी म्हणायचो, "आखाजीनंतर तूच कारभारी, तूच ठरव." कमलताई क्लासवर आल्या की हिलालने काय सुचवलं ते सांगायच्या. त्या निघून गेल्यावर मी पहिला पडदा उघडून माझं नाव बघायचो. आखाजीला ते जाणार होतं. गिरणा या नावाखाली हिलाल हे नाव, हे माझ्याने बघवलं नसतं. शेवटी मी नानांना सांगून टाकलं, "मला वाटणी पाहिजे."

नाना आधी हसले, मग माझं तोंड बघून थांबले. उघड्या सिस्टिममध्ये वाटणी होऊ शकते, त्याला कुणी अडवू शकत नाही. एकाच सिस्टिमचे दोन रस्ते करायचे, प्रत्येकाने आपापला धरायचा. नाना म्हणाले, "कर. पण वाटणी घरातल्या मोठ्या माणसासमोर होते. आबांसमोर कर."

म्हणून एकोणीसशे नव्याण्णवच्या आखाजीला आम्ही आमच्या गावच्या ओट्यावर बसलो. समोर निंबाखाली पत्त्यांचे डाव रंगले होते. आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळणाऱ्याला कुणी रागावत नाही. पलीकडे सासरहून आलेल्या पोरी झोक्यावर होत्या. पितरांची घागर पुजून झाली होती, आमरस झाला होता. हिलाल खाली मान घालून बसला होता. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वाटाचं काय काय हाये?" त्यांनी विचारलं.

मी दोन सीड्या पुढे ठेवल्या. "ही गिरणा. आणि हीसुद्धा गिरणा. दोन्ही सारख्या, दोन्ही पूर्ण. एक त्याची, एक माझी."

"म्हंजे दोघा भावाइले अख्खं अख्खं शेत?"

"हो."

"इहीर बी दोघाले अख्खी?"

"हो, आबा. हे तसंच असतं. एकाने घेतलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही."

आबांनी दोन्ही सीड्या उलटून पाहिल्या. मग म्हणाले, "आपल्या भाऊबंदकीत हातभर बांधासाठी डोकी फुटली. आन इथं कोनाचं काहीच कमी होऊ नही राह्यलं. मंग तुह्या पोटात कायचं दुखू राह्यलं?"

निंबाखालचे पत्तेवाले खो खो हसले. त्यांना कोणी ऐकायला सांगितलं होतं?

"ज्याच्या दोन होत नाहीत ते वाटायचंय," मी म्हणालो. "गिरणा हे नाव एकच आहे. तक्रारींची पिशवी एकच आहे. आणि मंडळाने वर्गणी काढून घेतलेला मॉडेम एकच आहे." मॉडेम म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक जगाशी जोडणारा डबा, खानदेशात तेव्हा तो बोटांवर मोजण्याइतक्या लोकांकडे होता.

"आन हे दोघं?" आबांनी नाना आणि कमलताईंकडे बोट केलं.

"आम्ही काही बैलजोडी नाही," कमलताई म्हणाल्या. "मी मेनू लिहीन, ज्याला पाहिजे त्याने घ्यावेत."

आबांनी मग आमच्याकडची रीत सांगितली. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. थोरला मी. मला नाव पाहिजे होतं, आणि आधी उचलणार हिलाल. मी विचार केला, आपण त्याच्या जागी असतो तर नावच उचललं असतं. तेव्हा दुसऱ्या वाट्यात भर टाकायला हवी. मी एका बाजूला कागदावर "गिरणा" लिहून ठेवलं आणि त्यावर माझं सूर्योदयाचं चित्र. दुसऱ्या बाजूला तक्रारींची पिशवी ठेवली, आणि पिशवीवर, काळजावर दगड ठेवून, मॉडेम. संगणकवाला माणूस मॉडेम सोडणार नाही, हा माझा हिशेब होता.

हिलालने पुढे होऊन मॉडेम उचलला. माझा जीव भांड्यात पडला. पण त्याने तो अलगद नावाच्या कागदावर ठेवला आणि पिशवी काखेत मारली.

"माले पिशवी पुरे, भाऊ. मॉडेम तुमलेच ऱ्हाऊ द्या."

सगळं मिळालं. नाव मिळालं, चित्र मिळालं, मॉडेमही मिळाला. आणि तरी असं वाटलं की हा माझ्या डोळ्यांदेखत काहीतरी घेऊन चाललाय. पिशवीत काय होतं? जुनी कार्डं. रडगाणी. मग हा ती एवढी सांभाळून का नेतोय? त्याची एस.टी. जाईपर्यंत मी ओट्यावर उभा होतो. आबा उठले. त्यांनी टोपी घातली आणि बागेकडे गेले.

त्यानंतर मी जीव तोडून काम केलं. सूर्योदय असा केला की क्लासच्या पोरी बघत राहायच्या. सूर्य आधी तांबडा, मग केशरी, आणि पाण्यावर त्याची लांब रेघ. शब्दकोश बसवला. फेट्यातला राजा बसवला. छपाईचं काम मात्र मागे पडत राहिलं, कारण मध्येच हिलालची सीडी आली.

दिवाळीच्या सुमारास आली. तिला धड नावसुद्धा ठेवलं नव्हतं. वर शाईच्या पेनाने फक्त लिहिलेलं, "आखाजी." बघता क्षणी वाटलं, हे नाव मला का सुचलं नाही? मी ती क्लासच्या संगणकावर चढवली, दार लावून. पहिल्या पडद्यावर चित्र नाही, काही नाही. एक ओळ: मूळ गिरणा, जीवराम चुडामण, जळगाव. त्याखाली बारीक अक्षरात नाना, कमलताई, आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः. मला क्षणभर बरं वाटलं. मग आठवलं की मूळ कर्त्याचं नाव ठेवायची परवान्यातच अट आहे. लगेच मी बरं वाटलेलं परत घेतलं. पण नाव पहिल्या ओळीतच टाका, अशी अट परवान्यात कुठे होती? ते मला अजून सापडलेलं नाही.

छपाई त्याने सोडवली होती. पावतीची उंची सांगायची, कागद तेवढाच सरकतो. काम बारीकसंच होतं. आणि सगळं उघडं. मी तेवढे तुकडे उचलून माझ्या गिरणेत टाकले असते तर कुणाची परवानगी लागली नसती. उलट हिलालला आनंदच झाला असता. त्याला आनंद होईल, म्हणूनच मी ते उचललं नाही. मी ठरवलं, छपाईची सगळी व्यवस्था मुळापासून नवी लिहायची, याच्यापेक्षा मोठी, सगळ्या जगातले प्रिंटर चालतील अशी.

नाना एकदा क्लासवर येऊन माझी ती धडपड बघत बसले. म्हणाले, "शेजाऱ्याने विहीर उघडी ठेवलीय, पोहरासुद्धा बांधून ठेवलाय. आणि तू आपल्या अंगणात खड्डा खणतोयस?"

"माझ्या विहिरीला जास्त पाणी लागेल," मी म्हणालो.

कमलताई तर तोंडावरच बोलल्या. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जीवरामभाऊ, तुमचा सूर्य फार सुंदर उगवतो. पण उगवून करतो काय?" त्यांच्याशी मी आठवडाभर बोललो नाही.

पुन्हा डिसेंबर आला. यंदा भरताचं बोलावणं कुणाला करायचं हा प्रश्नच होता, म्हणून मी एकटाच गावी गेलो. बरोबर गिरणा दोनची पहिली सीडी होती. छपाई अजून अर्धवट होती, पण सूर्योदय तयार होता. म्हटलं, पहिली सीडी आबांच्या सोसायटीत चढवू. सगळ्या गावासमोर माझं नाव पडद्यावर येईल आणि निंबाखालचे ते पत्तेवालेही बघतील.

सोसायटीच्या दारात केळीच्या घडांनी भरलेली बैलगाडी उभी होती. आत काट्यावर घड चढत होते. आबा टेबलाशी बसले होते आणि एका बोटाने आकडे दाबत होते. मी सीडी खिशातून काढली आणि पडद्याकडे पाहिलं. चित्र नव्हतं. साध्या पांढऱ्या अक्षरात वर लिहिलं होतं, आखाजी.

"हे कुणी बसवलं?" मी विचारलं.

"हिलाल आल्ता," आबा म्हणाले. "यष्टीनं. कार्डाचं उत्तर घेऊन आल्ता. पिशवीत जेवढी कार्डं, तेवढी गावं फिरू राह्यला पोरगा. आपल्या इथून वरणगावले गेला. तुह्या मायनं डबा देल्ता संगं."

"कधी?"

"झाले की दोनेक महिने."

दोन महिने! मी दोन महिने मुळापासून लिहीत होतो, आणि माझा बाप माझ्याच टेबलावर, माझ्याच संगणकावर त्याची सीडी चालवत होता. माझा आवाज चढला. काट्यावरचा माणूस घड हातात धरून बघायला लागला. "आबा, मी तुमचा मुलगा आहे. गिरणा माझी आहे. तुमचं काम मी केलं नसतं का? माझ्याकडे का आला नाहीत?"

आबांनी आकडे दाबायचं थांबवलं. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की मला हे माहीत असेल.

"तुह्याकडे कसा येऊ? वाटनी झाली ना. तू वाटे पाडले. नाव एका वाट्यात ठेवलं, कार्डं दुसऱ्या वाट्यात. माह्यं कार्ड त्या पिशवीत होतं, तुले ठाऊक होतं. वाटनीत बाप कोनाच्या वाट्याले जातो हे थोरल्यानं आधी पाहावं लागते, जीवराम. तू मले हिलालच्या वाट्यात टाकलं. त्यानं उचललं."

मी सीडी खिशात घातली. काट्यावरच्या माणसाने हातातला घड पुन्हा चढवला आणि वजन ओरडून सांगितलं. आबांनी आकडा दाबला. प्रिंटर खडखडला, चार बोटं कागद बाहेर आला आणि थांबला. आबांनी तो फाडून गाडीवाल्याला दिला.

एवढंच काम होतं.